कणकेचा कोंबडा आणि फोमची टर्की

दशलक्षण पर्वात यशोधराची गोष्ट कुठल्या ना कुठल्या बस्तीत निघतेच. सांगणारे पंडितजी असोत नाहीतर आमच्यातलीच एखादी श्राविका असो, गोष्ट ठरलेल्या जागी येऊन थांबते. राजानं जिवंत कोंबडा मारला नाही, कणकेचा मारला, तरी त्याला आणि त्याच्या आईला केवढे जन्म भोगावे लागले! आम्ही सगळ्याजणी माना डोलावतो. घरी जाताना कुणीतरी म्हणतंच, "म्हणून तर आम्ही संक्रांतीचे साखरेचे हत्ती-मोर पोरांना देत नाही." झाली गोष्ट.

मला हे असं संपवणं पटत नाही. जन्नानं 'यशोधरचरिते' कन्नडात लिहिलं ते १२०९ साली, होयसळांच्या दरबारी असताना. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ची. म्हणजे ही बस्ती अजून नवीकोरी होती, तेव्हा तिकडं हे काव्य तयार होत होतं. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी, ९५९मध्ये, सोमदेवसूरींनी हीच कथा संस्कृत 'यशस्तिलकचंपू'त सांगितली. आणि अगदी आपल्या काळात, १९८०मध्ये, गिरीश कर्नाडांना तिच्यावर 'हिट्टिन हुंज' हे नाटक लिहावंसं वाटलं. हिट्टिन हुंज म्हणजे पिठाचा कोंबडाच. एवढ्या लोकांनी एवढी शतकं या एका पिठाच्या कोंबड्याभोवती फेऱ्या घातल्या, त्या काय साखरेचे हत्ती बंद करायला?

मी म्हणते, आपण ही गोष्ट हिंसेची म्हणून ऐकतो आणि तिच्यातली माया सोडून देतो. माया म्हणजे आपल्या शास्त्रातली माया, चार कषायांपैकी तिसरा. कपट. वाकडेपणा. यशोधरानं आपल्या राणीला माहुताकडं जाताना डोळ्यांनी पाहिलं. ते आईला सांगवेना, म्हणून त्यानं वाईट स्वप्नाचं निमित्त पुढं केलं. स्वप्न ऐकून आई म्हणाली, देवीला बळी दे. जीव मारायचा नाही म्हणून तो अडून बसला, तेव्हा आईनंच तोड काढली, कणकेचा कोंबडा करू. बघा, आधी खोटं स्वप्न, मग त्या स्वप्नाच्या शांतीसाठी खोटा कोंबडा. मायाचारानं तिर्यंच गतीचा बंध पडतो, हे तत्त्वार्थसूत्र आपण पर्वात म्हणतो आणि अर्थही ऐकतो. तरी आई आणि मुलगा मोर, कुत्रा असे जनावरांच्याच जन्माला का गेले, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

हे मला इतकं लख्ख दिसलं ते एका भलत्याच वाचनामुळं. गेल्या वर्षी भाचीकडं विस्कॉन्सिनला तीन महिने होते. तिकडच्या वाचनालयात रानटर्कीच्या शिकारीवरची पुस्तकं आणि मासिकं रांगेनं लावलेली. शेजारीपाजारी ती शिकार करणारे. जैन बाईनं शिकारीची पुस्तकं वाचू नयेत असं कुठं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून वाचली. त्यातही धनुष्यबाणानं टर्की मारणाऱ्यांचं लिखाण जास्त वाचलं, कारण त्यात एक खोटा पक्षी सारखा येत होता.

त्याला ते डिकॉय म्हणतात. मी भुलवणीचा पक्षी म्हणते. आपल्या शेतातलं बुजगावणं पाखरांना पळवतं, हा त्याचा उलट्या स्वभावाचा भाऊ. फोमचा नाहीतर रबरी प्लास्टिकचा, खऱ्या टर्कीएवढा, रंगवलेला, एका काठीवर खोचलेला. घडी करून पिशवीत घालता येतो. काही मादीचे, काही नराचे.

आता ही रानटर्की म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडं टर्की म्हटलं की पांढरा, जड, पिंजऱ्यातला पक्षी डोळ्यांपुढं येतो. रानातली काळसर, तांब्याच्या भांड्यासारखी उन्हात चमकणारी. मोठा नर आठ-दहा किलोचा भरतो. रात्री उंच झाडावर झोपतो. वसंतात पहाटे झाडावरूनच ओरडायला लागतो, ते लांबवर ऐकू जातं. मग खाली उतरून शेपटीचा पंखा उघडून, पंख जमिनीला घासत मिरवतो. डोक्यावर पिसं नसतात, कातडीचा रंग मनासारखा बदलतो, लाल, पांढरा, निळा. वास त्याला फारसा येत नाही, पण नजर अशी की मान जराशी वळवली तर चहूकडचं दिसतं, आणि रंगही ओळखू येतात. म्हणूनच तिकडचे शिकारी एकमेकांना बजावतात की लाल, पांढरा, निळा यातलं काही अंगावर घालून रानात जाऊ नका, दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजेल. भुलवणीचा पक्षी उघडा हातात धरून चालू नका, तेही त्याचसाठी. खोट्या पक्ष्यामुळं माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून ही ताकीद.

बंदूकवाल्याला तीस-चाळीस पावलांवरून काम साधतं. धनुष्यवाल्याला पक्षी फार जवळ लागतो, आणि बाण मारायच्या आधी दोरी ओढावी लागते. ती हालचाल टर्कीनं पाहिली की संपलं. नेमाची जागाही मुठीएवढी. जरा चुकला तर जखमी पक्षी उडून जातो आणि झाडीत कुठंतरी मरतो. या अडचणीवर त्यांनी काढलेला उपाय वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

ते असं करतात. स्वतः एका लहानशा तंबूत बसतात. आत अंधार, अंगावर काळे कपडे. तंबूसमोर आठ-दहा पावलांवर एक वर्षाचा तरणा नर, जेक म्हणतात त्याला, त्याची फोमची प्रतिमा ठेवतात. जवळ एक फोमची मादी. जेकचं तोंड कुठं? तर तंबूकडं. मला आधी याचा उलगडाच होईना. पक्ष्यानं शिकाऱ्याकडं बघू नये म्हणून एवढा खटाटोप आणि खोट्या पक्ष्याचं तोंड मात्र शिकाऱ्याकडं? त्याचं कारण असं की खरा नर जेव्हा या पोरसवद्या प्रतिस्पर्ध्याला हुसकायला येतो तेव्हा तो मागून येत नाही, वळसा घालून त्याच्या समोर उभा राहतो. समोर उभा राहिला की त्याची पाठ तंबूकडं होते. आणि तो पंखा उघडून उभा असतो. त्याच्या त्या भरजरी पंख्यानं त्याचीच मागची बाजू झाकली जाते. त्या क्षणी धनुष्याची दोरी ओढायची.

इथं लगेच कुणीतरी म्हणेल, बघा, मान कषाय! स्वतःच्याच तोऱ्यामुळं मेला. असं म्हणणं सोपं आहे आणि मला ते आवडत नाही. टर्की तोरा मिरवत नाही, ऋतू त्याला मिरवायला लावतो. कपट तंबूत आहे, आणि ते फार हुशार कपट आहे. पक्ष्याचा जो स्वभाव वंश चालवण्यासाठी आहे, त्यालाच कडी लावून दोरी बांधलेली. मादीच्या प्रतिमेचंही तसंच. रानात रीत अशी की नर जागेवर मिरवतो आणि मादी त्याच्याकडं जाते. म्हणून फोमची मादी दिसली तरी कित्येक नर लांबच थांबतात, ती येईल म्हणून वाट बघतात. ती येत नाही. फोमची ती, कशी येणार? शिकारी लिहितात की नर अडून बसला, हटवादी आहे. मी वाचताना म्हटलं, हटवादी कसला, रीतभात पाळतोय बिचारा.

या लिखाणाबद्दल माझी दुसरी हरकत कलेच्या बाजूनं आहे. हल्ली या प्रतिमा हुबेहूब करण्याची चढाओढ चालू आहे. पिसाचं पीस रंगवलेलं, काहींना खरी पिसं चिकटवलेली, काहींना खऱ्या टर्कीची शेपटी लावायची सोय. किमतीही तशाच. आणि प्रत्येक जाहिरातीत हाच सूर, इतकी खरी की पक्षी फसणारच. पण १९५०च्या दशकात पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठात मार्टिन शाईन आणि एडगर हेल या दोघांनी पाळीव टर्कींवर प्रयोग केले होते. नरापुढं मादीची प्रतिमा ठेवायची आणि एकेक भाग काढत जायचं. शेपटी काढली, पाय काढले, पंख काढले, धड काढलं. शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं, तरी नर त्यापुढं पंखा उघडून मिरवत होते. मग हे पिसन्‌पीस रंगवणं कुणासाठी? पक्ष्याला तर काठीवरचं डोकं पुरतं. मला वाटतं हुबेहूबपणा लागतो तो विकत घेणाऱ्याला. आपण एका मूर्ख पक्ष्याला नाही, चाणाक्ष पक्ष्याला फसवलं, आणि तेही उत्तम कारागिरीनं, असं त्याला वाटायला हवं.

जुन्या लोकांना हे ठाऊक असावं. नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. तिथं १९२४ साली लव्हाळ्याचे अकरा बदक सापडले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लव्हाळ्याच्या जुड्या वाकवून अंग केलेलं, वर थोडा रंग, काहींना पिसं. त्यांचे फोटो पाहिले आणि आमच्या अक्काच्या हातच्या केरसुण्या आठवल्या. लागेल तेवढंच केलेलं. ज्यानं केले त्याला पोट भरायचं होतं, मिरवायचं नव्हतं. पुढं अमेरिकेत बदकांना भुलवायला जिवंत बदकं पाण्यात बांधून ठेवायची चाल पडली, ती १९३५ साली सरकारनं बंद केली. लाकडी बदकं राहिली आणि हळूहळू दिवाणखान्यात गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मर क्रोवेल नावाच्या कारागिरानं कोरलेले दोन पक्षी २००७ साली प्रत्येकी अकरा लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकले गेले. त्यातला एक बदक चोचीनं पिसं साफ करत बसलाय, फोटोत पाहिला तरी हात फिरवावासा वाटतो. मला तो फार आवडला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्याच्याकडं बघताना मला शिकार दिसत नाही, बदक दिसतं. टर्कीच्या फोमच्या पुतळ्यात मात्र शिकारीशिवाय दुसरं काही दिसत नाही, कितीही पिसं रंगवा.

भाषेचंही बोलायला हवं, कारण मी शेवटी भाषेचीच माणूस. हे लोक मारला म्हणत नाहीत. हार्वेस्ट केला म्हणतात. पीक काढलं! आम्ही सीमाभागातले लोक सुगी म्हणतो. सुगी म्हटलं की नांगरणी, पेरणी, खुरपणी, पाऊस, कर्ज, सगळं त्यात येतं. ज्यानं पेरलं नाही त्यानं सुगी कशी करावी? दुसरा शब्द फेअर चेस, म्हणजे रीतीनं केलेला पाठलाग. हा शब्द थिओडोर रूझवेल्टनं १८८७ साली काढलेल्या शिकारी मंडळापासून चालत आलेला. प्राण्याला निसटायची खरी संधी हवी, असं ते म्हणतात. चांगलं आहे. पण तंबू, काळे कपडे, फोमची मादी, फोमचा जेक, वर लाकडी पेटीला खडू लावून काढलेला मादीचा आवाज, एवढं सगळं मांडून बसल्यावर यात पाठलाग कुठला राहिला? पाठलाग केला तो टर्कीनं, खोट्या जेकचा. शिकारी नुसता बसला होता.

आणि हे मीच म्हणते असं नाही, त्यांच्यातच यावरून वाद आहे. टर्कीची शेपटी तोंडासमोर धरून रांगत खऱ्या नराजवळ जाण्याचा एक प्रकार निघालाय, त्याला त्यांच्यातलेच जुनेजाणते शिकारी नाकं मुरडतात. अलाबामा राज्यानं २०२२च्या मोसमात पहिले दहा दिवस भुलवणीच्या पक्ष्यांना बंदीच घातली, मोसमही उशिरा सुरू केला. कारण साधं. माद्यांशी जमणारे जोरकस नरच आधी धावून येतात, तेच आधी मारले गेले तर पुढची वीण कशी व्हायची? म्हणजे कायद्यालाही मान्य करावं लागलं की ही माया फार चालते.

आता त्यांच्या बाजूचंही सांगते, नाहीतर ही टीका म्हणजे आपल्याच बस्तीत बसून आपल्यालाच दिलेली शाबासकी होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रानटर्की अमेरिकेतून जवळजवळ गेलीच होती. जंगलतोड आणि बेबंद शिकार, दोन्ही कारणं. आज ती लाखोंनी आहे. ती परत आली ती मुख्यतः शिकाऱ्यांच्या पैशांनी. १९३७च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर कर बसवला, पुढं धनुष्यबाणांवरही बसला, आणि तो पैसा वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवला. आधी त्यांनी खुराड्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. मग १९५१ साली साउथ कॅरोलिनात रानटर्कींना मका टाकून जमवलं, त्यांच्यावर तोफेनं उडवायचं जाळं टाकून धरलं आणि जिथं टर्की उरली नव्हती तिथं नेऊन सोडलं. मका टाकून फसवणं, म्हणजे ही पण भुलवणीच. आणि आपल्याकडं? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक होता. आपण जैनांनी त्याला मारलं नाही, हे खरं. माळ नांगरला, तारा ओढल्या, कारखाने काढले, त्यात आपलाही पैसा आहे हेही खरं. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय.

खोट्या पक्ष्यानं खऱ्याला वाचवल्याचं एक उदाहरण मला फार गोड वाटतं. मेन राज्याच्या किनाऱ्यालगत ईस्टर्न एग रॉक नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथले पफिन पक्षी शिकारीमुळं केव्हाच नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस नावाच्या अभ्यासकानं १९७३पासून न्यूफाउंडलंडमधून पिल्लं आणून तिथं वाढवली. ती समुद्रात गेली. परत यावीत म्हणून १९७७मध्ये त्यानं खडकावर लाकडी पफिन मांडून ठेवले. एकटा पक्षी उतरायला भितो, आपल्यासारखे चार बसलेले दिसले की उतरतो. १९८१ साली तिथं पुन्हा घरटी झाली. लाकडी पक्षी आणि फोमची टर्की यांच्या घडणीत तसा फरक नाही. एकाजवळ पक्षी उतरतो आणि घर करतो, दुसऱ्याजवळ उतरतो आणि बाण लागतो.

भाचीच्या मुलीचा विषय यातच निघाला. ती चौदा वर्षांची, शाळेत धनुर्विद्या खेळते. तिकडं शाळाशाळांतून हा खेळ आहे, आधी गोल चकत्या, पुढं फोमचे प्राणी. हरीण, अस्वल, रानमेंढा, आणि हो, टर्की. भाची म्हणाली, "मावशी, तू लहानपणी आम्हाला कोंबड्याची गोष्ट सांगायचीस. आता ही फोमच्या टर्कीवर बाण मारते. थांबवू का तिला? आणि शेजारचे काका म्हणतायत, वसंतात आमच्याबरोबर तंबूत चल, नुसतं बघायला."

मी तिला सांगितलं, तंबूत पाठवू नकोस. नुसतं बघणं असं तिथं काही नसतं. तिथं गप्प बसणं हेच काम असतं, आणि गप्प बसलेला प्रत्येकजण त्या कपटाचा भाग असतो. फोमच्या पुतळ्याचं मात्र मी लगेच नाही म्हटलं नाही. कारण त्या पुतळ्यानं कुणी फसत नाही. यशोधराचा कोंबडा देवीला, आईला आणि स्वतःला फसवायला केलेला होता. मैदानावरची टर्की फोमची आहे हे मारणारीलाही माहीत आहे आणि गुण देणाऱ्यालाही. भाचीला हे पटलं. मुलीला पटलं नाही. ती म्हणाली, "आजी, गुण कुठं लागला तर जास्त मिळतात माहीत आहे का? तिथं वर्तुळं कोरलेली असतात. काळजावर." मी तिचा पुतळा जवळून पाहिला. बरोबर होतं तिचं. पोरीनं माझा युक्तिवाद माझ्या हातात ठेवला. त्या मोसमात ती चकत्यांवरच खेळली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं.

पुन्हा जन्नाकडं येते. कणकेचा कोंबडा त्यानं रंगवलाय तो उगाच नाही. राजानं नुसता पिठाचा गोळा देवीपुढं ठेवला असता तरी शास्त्रार्थ तोच झाला असता. पण कोंबडा इतका देखणा केलेला की जिवंत वाटावा. राजानं तलवार मारली आणि तो आरवला. कन्नडात हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, कारण तोवर वाचणारीलाही वाटत असतं, असू दे, पीठच आहे. जन्ना तुमच्याकडून ते असू दे म्हणवून घेतो आणि मग कोंबडा आरवतो. कर्नाडांनी नाटकात नेमकी हीच जागा धरून ठेवली, उगाच नाही. आपल्या स्वाध्यायात हा आरव ऐकूच येत नाही, कारण आपण आधीच शिक्षा किती जन्मांची झाली ते मोजायला बसलेल्या असतो.

भुलवण्याची ही जात आपल्या पुराणांना नवी नाही. वाल्मीकींच्या रामायणात सोन्याचं हरीण आहे, म्हणजे दिसणारी भुलवणी. आपल्या पद्मपुराणात हरीण नाही. तिथं रावण सिंहनाद करतो, लक्ष्मण संकटात आहे असं वाटून राम धावतो आणि सीता एकटी राहते. म्हणजे ऐकू येणारी भुलवणी. टर्कीचे शिकारी दोन्ही वापरतात. पहाटे घुबडाचा घूत्कार काढतात, की झाडावरचा नर न राहवून ओरडतो आणि आपली जागा सांगून बसतो. त्या ओरडण्याच्या रोखानं तंबू लावायचा.

हे वाचलं आणि मला यशोधराच्या शेवटच्या तिर्यंच जन्माची आठवण झाली. तोवर आई आणि मुलगा एकापाठोपाठ एक जनावरांचे जन्म घेऊन कोंबडा-कोंबडी झालेत. मुनींचा उपदेश कानावर पडतो, मागचे जन्म आठवतात, आणि आनंदानं दोघं आरवतात. जवळच राजा यशोमती राणीबरोबर बसलेला. यशोधराचाच मुलगा तो. आवाजावर नेम धरून मारायची विद्या राणीला दाखवावी म्हणून तो आरवाच्या दिशेनं बाण सोडतो. एका बाणात दोघं. बाप आणि आजी, पण त्याला काय ठाऊक. त्याला पक्षी दिसलेही नाहीत, ऐकू आले तेवढेच. त्याच राणीच्या पोटी ती दोघं मग जुळी होऊन जन्मली, अभयरुची आणि अभयमती.

टर्कीच्या शिकारीवरचं जे मी वाचलं त्यात काही लेखक खरोखर चांगले आहेत. अलाबामाच्या टॉम केलीचं १९७३चं 'टेन्थ लीजन' तर त्या मंडळींत पोथीसारखं मानतात. पहाट, धुकं, पानांवरचं दव, पक्ष्याची चाल, सगळं डोळ्यांसमोर उभं करणारे लेखक त्यांच्यात आहेत. पक्ष्याबद्दल आदरही आहे. पण सांगणारा कायम तंबूत बसलेला. नेम धरणारा, बाण सुटताना श्वास रोखणारा, नंतर पिसं मोजणारा तो. पंख्याच्या पलीकडून, जेकसमोर उभं राहून हे कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही. 'यशोधरचरिते' पुन्हा उघडून बघा. ही सगळी कथा मारिदत्त राजापुढं कोण सांगतं? अभयरुची. स्वतः बळी जायला उभं केलेलं एक पोरगं, आणि मागच्या जन्मी बाण लागलेला कोंबडा.